बंद मशीनची खंडेनवमी

चेन्नई, खंडेनवमी

तीर्थरूप अण्णा,

पाया पडते. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं.

अमेरिकेने आयात कर वाढवल्यापासून तिकडची मागणी थांबली आहे, म्हणून इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातली माझी लाइन महिनाभर बंद आहे. पगार चालू आहे, काळजी नको.

इथेही आज यंत्रांची पूजा असते. सगळ्या मशिनांना गंध, कुंकू, झेंडूच्या माळा झाल्या. आमच्या मशीनला मात्र कुणी हात लावेना. माझ्या हाताखालची सेल्वी म्हणाली, “अक्का, जे चालत नाही त्याची कसली पूजा?”

मी म्हटलं, “आमचे अण्णा लेथला म्हणायचे, वर्षभर राबलास, आज बस. हे तर महिनाभर बसलंय. त्याला ऊठ म्हणू या.” सेल्वी हसली आणि फडकं घेऊन आली.

पूजेसाठी आज सगळीच मशिनं बंद होती, त्यामुळे आमचं वेगळं दिसलं नाही. तेवढंच बरं वाटलं.

तुमच्या लेथला हार घातलात ना? गुडघा कसा आहे?

दिवाळीला यंदा चांगली पंधरा दिवस येते आहे. रजा न मागताच मिळाली.

तुमची,
वैजू