लिफ्टची हिरवी खूण

रोडपाली, मंगळवार, १२ फेब्रुवारी २०१३

सोसायटीचं तक्रारींचं नवं सॉफ्टवेअर आज तपासलं. पसंतीची सही सेक्रेटरीची, म्हणजे माझी. बंद लिफ्टमुळे महिनाभर चौथ्या मजल्यावर अडकलेल्या म्हात्रेआजींची तक्रार घातली. सॉफ्टवेअर कंपनीच्या शबानाबाईंनी कॉम्प्युटरची तारीख आठवडाभर पुढे ढकलली आणि हिरवी खूण उमटली: 'निवारण झाले'. लिफ्टला कुणी हातही लावला नव्हता. तरी क्षणभर मला आजी खाली बाकावर, उन्हात बसलेल्या दिसल्या. छान दिसत होत्या.

"सात दिवसांनी तक्रार आपोआप बंद होते, सर. सही?"

तेवढ्यात गॅलरीतून आजी ओरडल्या, "सेक्रेटरी, लिफ्ट चालू हाय का नाय?"

"कॉम्प्युटरवर हाय, आजी!"

"मग त्यालाच बसव तिच्यात!"

ती हिरवी खूण अजून डोळ्यांपुढून हलत नाही. आणि तो बाक. सहीच्या जागी लिहून आलो: म्हात्रेआजी सही करतील, खाली येऊन.