सॅल्यूटसाठी वर गेलेल्या हाताबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
वैद्यकीय तपासणी मंडळ,
माजी सैनिक कल्याण कार्यालय.

विषय : सॅल्यूटसाठी वर गेलेला हात हा पुरावा न धरता माझ्या सासऱ्यांची फेरतपासणी करण्याबाबत.

संदर्भ : "उजवा हात खांद्याच्या वर सहज जातो व बराच वेळ वर राहतो, सबब दावा नामंजूर" असे कळवणारे आपले पत्र.

महोदय,

आपले पत्र मी सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवले. "सहज" या शब्दाला ते हसले. हसताना खांदा हलतो आणि खांदा हलला की कळ येते, म्हणून हसणे तिथेच थांबले.

१. माझे सासरे निवृत्त हवालदार आहेत. नोकरीत असताना तोफगोळ्याचा तुकडा त्यांच्या उजव्या खांद्यात शिरला. तुकडा काढला, पण सांधा आखडला तो आखडलाच. आता हात छातीच्या वर येत नाही. डोक्यावर पाणी ओतणे, केस विंचरणे, सदरा चढवणे यांतले एकही काम त्यांना जमत नाही. मी शिवणकाम करते. त्यांचे सदरे उजव्या खांद्यावर उघडे ठेवून तिथे टिचबटणे लावते. एक नमुना अर्जाला जोडला आहे. रोजच्या वापरातला आहे, पाहून परत करावा.

२. त्यांना अंघोळ सासूबाई घालत. त्या गेल्या वर्षी वारल्या. माझे यजमान लांब पल्ल्याच्या ट्रकवर असतात, घरी पाहुण्यासारखे येतात. सुनेने अंघोळ घालावी हे सासऱ्यांना मान्य नाही आणि खरे सांगायचे तर मलाही अवघड वाटते. म्हणून ते एकटेच खटपट करतात. मागे न्हाणीत घसरले. कडी आतून लावलेली, त्यामुळे शेजारच्या सुताराला बोलावून दार काढावे लागले. मदतनीस भत्ता मंजूर झाला तर रोज सकाळी एक माणूस येऊन त्यांना अंघोळ घालील. मागणी एवढीच आहे.

३. तपासणीच्या दिवशी तपासणारे डॉक्टरसाहेब गणवेशात आत आले. सासरे खुर्चीतून उठले, टाचा जुळवल्या आणि कडक सॅल्यूट ठोकला. मी भिंतीशी उभी होते, मी कपाळावर हात मारून घेतला. घरी जो हात कंगवा घेऊन केसांपर्यंत पोहोचत नाही, तो साहेबांसाठी भुवईपर्यंत गेला. कसा गेला, असे नंतर आमच्या हाडांच्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, जायला नको होता.

४. साहेब लिहीत होते. ते साहेब आपणच की दुसरे कोणी, हे मला सांगता येणार नाही, कारण त्यांची मान खाली होती. सॅल्यूट घेतला जाईपर्यंत हात खाली आणायचा नाही, असा सासऱ्यांचा नियम आहे. साहेब लिहीत राहिले आणि सासरे उभे राहिले. "बराच वेळ वर राहतो" ही नोंद त्या वेळची आहे. ती खरी आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. साहेब मागच्या दाराने निघून गेल्यावर मी आणि आपला शिपाई अशा दोघांनी मिळून हात खाली आणला. तेव्हापासून तो गळ्यात बांधलेल्या झोळीत आहे.

५. पुन्हा असे होऊ नये म्हणून झोळी सोडून घरी सराव घेतला. यजमानांचा कोट घालून मी शिवणयंत्रामागे साहेब होऊन बसले. सासऱ्यांनी हात तसूभरही उचलला नाही. म्हणाले, "तू कसली साहेब, कोपरं टेकून बसलीयेस." म्हणजे सराव उत्तम झाला, पण उपयोगाचा नाही. मग मी डाव्या हाताने सॅल्यूट करा असे सुचवले. त्यावर ते भरल्या ताटावरून उठले. झोळी बांधूनच नेते म्हटले तर म्हणाले, "साहेबासमोर गाठोडं होऊन जाऊ? त्यापेक्षा पारोसा मेलेला बरा." माझे डोके उठले आहे.

६. सबब विनंती की, तपासणीसाठी हुद्द्याने हवालदाराच्या खालचे डॉक्टर नेमावेत. असे डॉक्टर नसतात, असे आपला शिपाई म्हणतो. नसल्यास साहेबांनी साध्या कपड्यांत, शक्यतो पायजम्यात यावे. तेही नियमात बसत नसेल तर सासऱ्यांना दाराकडे पाठ करून बसवावे आणि साहेबांनी बूट हातात घेऊन मागून यावे.

सॅल्यूट माफ केल्याचा लेखी हुकूम काढून घ्या, असेही शिपायाने सुचवले. तो कृपया काढू नये. सासरे तो पाळतील. पण मग सकाळी उठून दाढी कशासाठी करायची, असे मला विचारतील. मला त्यांची फार काळजी वाटते.

७. यातले काहीच जमले नाही तर ते पुन्हा सॅल्यूट करणार, हे मी आजच लिहून देते. निर्णय काय द्यायचा हा आपला अधिकार आहे. फक्त त्या वेळी साहेबांनी आधी पेन खाली ठेवावे, मान वर करावी, सॅल्यूट घ्यावा. मग काय हवे ते लिहावे.

आपल्या कार्यालयातल्या बाकावर पुन्हा येऊन बसण्यास तयार असलेली,

(सही)
निवृत्त हवालदारांची सून
दि. ९ ऑक्टोबर

सोबत :
१) हाडांच्या डॉक्टरांचा दाखला.
२) सासऱ्यांचे संमतिपत्र. उजवा हात झोळीत असल्यामुळे सही डाव्या हाताची आहे, ती जुन्या नोंदीशी जुळणार नाही.
३) टिचबटणांचा सदरा, नमुन्यादाखल.