बाबांची पाठ

प्रिय ठकूबाई,

चाळिशीला आलीस तरी मी याच नावाने हाक मारणार. आवडत नसेल तर पत्र इथेच घडी घालून ठेव. पण ठेवू नकोस.

फोन मुद्दामच करत नाही. तू ‘हं’ म्हणतेस, मी ‘हं’ म्हणते आणि हवापाण्यावर येऊन गाडी थांबते.

माझं बरं चाललंय. शेडचे पत्रे बदलून घेतले. दगडाच्या धुळीने खोकला येतो, डॉक्टर ओरडतात, मी छिन्नी ठेवत नाही. जित्याची खोड, दुसरं काय! जन्मभर माणसांची शरीरंच बघत आले. बसच्या रांगेत पुढच्या बाईचं मनगट, वाण्याच्या गळ्याची हाडं. तुझे बाबा कोपराने ढोसून म्हणायचे, अगं, एक दिवस मार खाशील. चौकातल्या पुतळ्याला मी दिलेले हात आपल्या दूधवाल्याचे आहेत, हे त्या पुढाऱ्याच्या घरच्यांना अजून ठाऊक नाही.

बाबांचा मात्र साधा अंगठासुद्धा कधी घडवला नाही. घरचाच माणूस, केव्हाही समोर बसवता येईल, असं वाटायचं. शाळेतून आले की ते शेडच्या दारात पेपर वाचत बसायचे, धूळ नाकात जाऊ नये म्हणून माझ्याकडे पाठ करून. आणि मी म्हणायचे, अहो, जरा सरका, उजेड अडतोय. बिचारे सरकायचे. आता आठवलं की जीव तुटतो.

ते गेल्यावर तू म्हणालीस, शेड बंद कर आणि माझ्याकडे चल. मी नाही म्हटलं. तुला माणसांपेक्षा दगड जवळचे, राहा त्यांच्यातच, असं म्हणून तू निघालीस. राग नाही आला गं, पण लागलं. फाटकापर्यंत गेलीस, वळून पाहिलं नाहीस आणि मी जागच्या जागी खिळले. डावा खांदा किंचित उतरलेला, मान जराशी पुढे. तुझे बाबाच चालले होते. लहानपणी कुणी ‘अगदी बापाची चाल’ म्हटलं की तू फुरंगटून बसायचीस.

तेव्हापासून मी त्यांनाच घडवतेय. चेहरा झाला. शेजारच्या वहिनी बघून रडल्या. पण पुतळ्याला मागची बाजूही असते, आणि आपल्या माणसाचा पाठमोरा फोटो कुणी काढून ठेवत नाही. सगळा अल्बम उलथापालथा केला, सगळीकडे समोर बघून हसतायत. मागचा दगड तसाच उभा आहे. छिन्नी लावते आणि काढून घेते. अंदाजाने मारलेला घाव परत भरून काढता येत नाही.

म्हणून हे पत्र. ये. रुसवा सोड असं म्हणत नाही. बोलू नकोस, माझ्याकडे बघूही नकोस, पाठ फिरवूनच बस. मला तेवढीच हवी आहे. किती दिवस लागतील म्हणून विचारशील. माझे हात आता फार हळू चालतात, आणि खरं सांगायचं तर, तू असेपर्यंत मी त्यांना घाई करायला सांगणार नाही.

तुझीच,
हट्टी आई