पुलापर्यंत

शनिवार, वेस्ट विंडसर

"आई, फोन वर धर गं, मला नुसते दगड दिसतायत," असं मी तिसऱ्यांदा म्हणालो. आई-बाबा पुण्याच्या टूरबरोबर फ्लोरेन्समध्ये आहेत. घुमटाच्या चर्चपासून जुन्या पुलापर्यंत चालत निघाले होते. त्यांच्यासोबत मीही असणार होतो. पण पासपोर्टवरचा व्हिसा संपलाय. इथे अमेरिकेत राहायला हरकत नाही, पण देशाबाहेर गेलो तर नवा स्टॅम्प मिळेपर्यंत परत येता येणार नाही. तिकीट कॅन्सल केलं. त्यांना सांगितलं, रजा मिळाली नाही.

फोन खालीच होता. साडीखाली पांढरे बूट. डावा बूट जरा मागे राहत होता.

"गुडघा दुखतोय का?"

"छे रे. रस्ताच तसा आहे."

मागून बाबा म्हणाले, "रात्रभर शेकत बसली होती. तुला सांगायचं नाही, असं ठरलंय."

"अहो, गप्प बसा! हा बघ पूल. दुकानंच दुकानं, अगदी तुळशीबाग."

पूल क्षणभर दिसला. मग पुन्हा दगड, पुन्हा तो डावा बूट. चार वर्षांत तिला चालताना पाहिलंच नव्हतं.

लपवलं म्हणून मी तिच्यावर रागावलो. मी? संध्याकाळभर कॉलनीत फेऱ्या मारल्या. गेटपर्यंत जायचं आणि वळायचं.

रविवार. सकाळी आईने पुलावरचा फोटो पाठवला. दोघं हसतायत. फोटो गुडघ्यांच्या वर कापलेला आहे. मी 'मस्त' असं लिहून पाठवलं.