शंभराच्या नोटेवरची बोरगिल

मी, गुनवोर हाउगलान, वय ब्याऐंशी, राहणार द्रामेन, नोटांचे ठसे कोरण्यात जन्म घालवलेली, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण सहीला ते लागत नाहीत.

१. नदीकाठचं घर आणि बँकेतली शिल्लक वारलेल्या भावाच्या मुलीला, इदुनला. शेजारच्या सिगुर्डला कुंपणाची फळीसुद्धा देऊ नये. माझं बर्चचं झाड त्याने न विचारता तोडलं.

२. कोरण्या आणि भिंग छापखान्यातल्या तूनेला. नव्या पोरांत पोलादावर हात चालवायला तीच एकटी शिकली.

३. धाकटी बहीण बोरगिल हिला तिचं पेन्सिलचित्र. मासे खारवताना ती त्यात खदखदून हसते आहे. त्यावरूनच मी शंभर क्रोनरच्या नोटेवरची बाई कोरली. नकली नोटेत चेहऱ्याची एक रेघ हलली तरी बघणाऱ्याला खटकते, म्हणून नोटेवर चेहरा लागतो. डोळे मिटून कोरता येईल असा मला एकच चेहरा ठाऊक होता. साहेबांनी हसू तेवढं मिटवायला लावलं. नोट निघेपर्यंत घरीही बोलायचं नाही, अशी आमची शपथ असे, म्हणून तिला विचारलं नाही.

मासळीवाला भर दुकानात नोट उजेडाला धरून ओरडला, "अगं बोरगिल, ही तर तू! तोंड का पाडलंयस एवढं?" पुढे सगळं गाव तिला उजेडाला धरून बघत राहिलं. ती मला एकदाच म्हणाली, "नोटेवर मेलेल्यांना लावतात. मी जिवंत होते, गुनवोर." मी शपथेचं कारण पुढे केलं, माफी मागितली नाही. नोट चलनातून गेली, तिचा अबोला राहिला. याइतकं वाईट मला दुसऱ्या कशाचं वाटत नाही.

आज साक्षीला यायची ती शेजारीण आजारी पडली. इदुन जाऊन बोरगिललाच घेऊन आली. कोटही न काढता तिने हे सगळं वाचलं.

"साक्षीदाराला यातलं काही मिळत नाही ना?"

"नाही. कायदाच आहे तसा. तू सही करू नकोस, मी दुसरं कोणीतरी बघते."

"पेन दे इकडे."

"बोरगिल, माझं चुकलं गं."

तिने कोट काढून खुर्चीवर टाकला. मग म्हणाली, "चित्र राहू दे. हे लिही. साक्षीला मी आहे."

म्हणून कलम तीन रद्द. त्या जागी: माझं चुकलं.

सही: गुनवोर हाउगलान
द्रामेन, ९ नोव्हेंबर २०१७

आम्हा दोघांच्या देखत सही झाली:
शेटिल ब्रेक्के, निवृत्त शिक्षक
बोरगिल हाउगलान, बहीण