जिन्याखालचं बटण

वॉटरफोर्ड, आयर्लंड

अहो,

लांबूनच नमस्कार. गुडघा कसा आहे? घर उबदार असेल तरच येईन म्हणालात, म्हणून कळवते.

केतकीच्या गल्लीत सगळ्यांनी घर तापवायचा गॅस काढून विजेवरचे हीट पंप बसवले. लेकीचंच घर आठवडाभर गार! मेकॅनिक दोनदा येऊन "ऑल ग्रँड", म्हणजे सगळं ठीक, म्हणून गेला. मी नुसती वैतागले.

काल केतकीनं मला रोजच्यासारखं जिन्याखालचं बटण बंद करताना पकडलं. "आई! हा पंप दिवसरात्र मंद चालूच ठेवायचा असतो!" कॉन्व्हेंटच्या सिस्टरही माझ्यावर इतक्या ओरडल्या नव्हत्या.

खोलीतून निघताना बटण बंद, ही चाळीस वर्षांची शिस्त कुणाची हो? तुमचीच!

आता घर छान उबदार आहे. लवकर या. फक्त हात खिशात ठेवा.

तुमचीच,
विनया