समोरून पाहणाऱ्याले

५ जानेवारी, सकाळी
आजपासून रोज लिहायचं. आम्ही बनवलेलं विमान पळालं की लोक विचारतील, आयडिया कोणाची? पुरावा पायजे. अर्धं विमान माझं, अर्धं खतवाल्या नौशादचं. पत्र्याचं शेड माझ्या प्लॉटवर, तरी एक चावी त्याच्याकडे. काहून?
२६ जानेवारीले नेरच्या मैदानात पळवायचं. उडवायचं नाही, नुसतं पळवायचं.

७ जानेवारी
इंजिन चालू केलं. नौशाद सीटवर, मी समोर, दूर. पुढचा पंखा उलटा फिरून राह्यला! पुस्तकात स्पष्ट छापलं, घड्याळाच्या काट्यासारखा फिरते. नौशाद म्हणे बरोबर हाय, सीटवर येऊन पाह्य. मले सीटवर कायले बसवते हा? काहीतरी शिजून राह्यलं.

९ जानेवारी
माझा जन्म वीज ऑफिसात गेला. विहिरीवरची मोटर उलटी फिरली की दोन वायरी आपसात बदलायच्या, झाली सुलटी. नौशाद दुकानात असताना दोन्ही प्लगच्या वायरी आपसात बदलून टाकल्या. इंजिन फटाफट वाजलं, सुरू काही झालं नाही. नौशादनं वायरी जागेवर लावल्या, कोणी केलं म्हणून विचारलं. म्हटलं, उंदीर असतील. तो माझ्याकडेच पाहत होता. लय संशयी माणूस.

१४ जानेवारी, संक्रांत
बायकोनं, मंजुषानं, नौशादले तिळगूळ पाठवला. नौशाद गोड बोलला. म्हणजे नक्कीच काहीतरी.
उलट्या हाताचा पंखा मागवला, म्हणजे उलट्या फिरणाऱ्या इंजिनले लागते तो, उलट्या पात्यांचा. बायकोलेही सांगितलं नाही.

२० जानेवारी
नौशादले तोंडावर विचारलं. म्हटलं, गावात माझं हसं करायले इंजिन उलटं बसवलं तू. तो शांतपणे म्हणाला, "श्रीकृष्णा, इतक्या वर्षांत एकदा तरी माझ्या बाजूनं पाह्य." मी म्हटलं, २६ले येऊ नको. चावी टेबलावर ठेवून गेला.
जिंकलो. शेडमध्ये चहा एकट्यानंच पिला. बेचव होता.

२६ जानेवारी
अख्खं नेर जमलं. नवा पंखा लावून पहिल्यांदाच सीटवर बसलो. इंजिन चालू. पंखा घड्याळाच्या काट्यासारखा! नवा पंखा लागताच इंजिन सुधारलं की. रेस दिली.
विमान मागं गेलं. थेट झेंडावंदनाच्या मंडपात. शेपूट मोडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांले वाटलं रिव्हर्स घेऊन राह्यलो. मंजुषा उठून घरी गेली.

२७ जानेवारी
टेबलफॅन एकदा समोरून पाह्यला, एकदा मागून. मग पुस्तक उघडलं. दिशा सीटवरून पाहायची असते म्हणे. हे त्यांनी मोठ्या अक्षरात छापायले नको?
नौशादकडे गेलतो. माफी मागायले नाही, पुस्तकाची चूक सांगायले. चपला दारात होत्या. हमीदाभाभी आत विचारून आल्या, म्हणाल्या, घरी नाहीत.
आतून नौशादचाच आवाज आला, "त्याले म्हणा, समोरून पाहणाऱ्याले मी घरी नाही."
लय वाईट वाटलं. तसाच उभा राह्यलो, दारासमोर.